पिशवीचे कागद कुणी जपायचे?

दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी किती काळ ठेवायचे, याला नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं नोंदी जपायच्या. पुढं त्या रद्दीत गेल्या तरी विचारणारं कुणी नाही. एरवी हा नियम खटकला नसता. बीड जिल्ह्यापुरता मात्र तो घातक ठरतो आहे.

एप्रिल 2019 मध्ये 'बिझनेसलाइन'नं आमच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी छापली. राष्ट्रीय महिला आयोगानं राज्य सरकारला नोटीस पाठवली. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 बायकांची गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड बायकांची विचारपूस झाली, त्यात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा जणींमागं एक. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण राज्यात तीन टक्क्यांच्याही आत होतं.

मंत्र्यांनी हिशेब दिला तो 2016-17 ते 2018-19 या वर्षांचा. त्या केसपेपरांची तीन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली. महाराष्ट्रातल्या बायकांच्या शरीरावर गेल्या पन्नास वर्षांत जे घडलं, त्यातलं एक फार मोठं प्रकरण या कागदांवर लिहिलेलं आहे, आणि ते कायद्यानं नष्ट करता येतं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझी आई कोयत्यावर जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाच्या कडेला पाचटाची कोपी, पहाटे तीनला उठून भाकरी थापणं, मग तोड, मोळ्या बांधणं, डोक्यावरून ट्रकवर चढवणं हे मी लहानपणी तिच्यासोबत राहून पाहिलं आहे. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे दंड, लागतो. 2019 च्या बातम्यांत दिवसाला पाचशे रुपयांचा आकडा होता. पाळी आली, अंगावरून पांढरं जाऊ लागलं, ओटीपोटात कळा आल्या, तरी फडात ना आडोसा ना पाणी. कापड धुवायचं कुठं आणि वाळवायचं कुठं, हा प्रश्न आईनं मरेपर्यंत कुणापुढं काढला नाही.

माझ्या चुलतीची पिशवी तिशीच्या आत काढली. आमच्याकडं बायका गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवीच म्हणतात. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, तिसऱ्या लेकरानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. मग अंगावरून जायला लागलं. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल, असं तिला सांगण्यात आलं. "लेकरंबाळं झालीत, आता पिशवीचं काय काम, असं डॉक्टर म्हनले. मलाबी पटलं, पोरी. खाडा तरी वाचंल." ऑपरेशनच्या पैशासाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली आणि ती फेडायला पुढच्या हंगामात टाके ओले असतानाच ती फडात उतरली.

तिच्याकडचे कागद मी मागून घेतले. रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या थैलीत घडी करून ठेवलेले होते. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं नाव होतं, कारणाच्या रकान्यात एक शब्द होता आणि तो लागत नव्हता. बीजकोश ठेवले की काढले, याचा उल्लेख नव्हता. एवढ्यावर तर पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. बीजकोश गेले तर तिशीतल्या बाईला एका रात्रीत पन्नाशीतली पाळी-जाणं भोगावं लागतं. अंगाची आग, झोप नाही, हाडं ठिसूळ. आणि सोनोग्राफीचा फोटो? तो कोरा होता. उष्णतेनं छापला जाणारा तो गुळगुळीत कागद काही वर्षांत पुसट होत जातो. जे चित्र दाखवून पिशवी काढली, ते चित्रच उडून गेलं होतं.

एका बाईचं जे झालं तेच हजारोंचं झालं असणार, हे ओळखायला इतिहासाची पदवी लागत नाही. लैंगिक आणि प्रजननाच्या आरोग्याचा इतिहास कसा टिकतो आणि कसा हरवतो, हे मात्र मी त्या दिवसापासून शोधत आले.

टिकल्याची उदाहरणं आपल्याच मातीत आहेत. आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि ते काही दिवसांतच गेलं होतं. पदवीचा प्रबंध त्यांनी लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं होतं, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात. पुढच्या वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, त्या पुण्यात वारल्या. त्या महाविद्यालयाचं दप्तर आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. जपानी आणि सीरियाई मैत्रिणींसोबतचा नऊवारीतला त्यांचा 1885 चा फोटोही तिथंच सांभाळला आहे. एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या कल्याणच्या मुलीचं बाळंतपणाविषयीचं म्हणणं आज माझी विद्यार्थिनी अंबाजोगाईत बसून वाचू शकते. शेजारच्या गावात पाच-सात वर्षांपूर्वी कुणाची पिशवी का काढली, ते मात्र तिला कुठंच वाचायला मिळत नाही.

दुसरं उदाहरण र. धों. कर्वे यांचं. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या विचारांपायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गमावली. जुलै 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी एकट्याच्या बळावर चालवलं. वाचक हस्तमैथुन, गुप्तरोग, समलिंगी ओढ अशा विषयांवर प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ मराठीत उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे खटला हरले, दंड झाला. पुढं 1938 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागचं भाषण बाबासाहेबांचं होतं. ज्यांचं नाव आमच्या विद्यापीठाला आहे, त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी या विषयाला लाजण्यासारखं काही मानलं नव्हतं, हे विद्यापीठात बसणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

'समाजस्वास्थ्य'चे अंक ग्रंथालयांनी ठेवले, अभ्यासकांनी उकलले, म्हणून त्यावर प्रबंध झाले, अजित दळवी यांनी नाटक लिहिलं, अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' चित्रपट काढला. पण कर्व्यांना प्रश्न विचारणारे लोक लिहिता-वाचता येणारे होते, बरेचसे शहरातले, आणि त्यांत पुरुष जास्त. पत्र लिहू न शकणाऱ्या बाईचा प्रश्न त्या अंकांत सापडत नाही. तिचा प्रश्न कुठं उमटतो? उमटलाच तर दवाखान्याच्या रजिस्टरात, दुसऱ्याच्या अक्षरात.

याला एक लखलखीत अपवाद महाराष्ट्रात झाला. गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 बायकांची तपासणी केली. जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकीला सरासरी साडेतीनहून अधिक. यापूर्वी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या आठ टक्के. तोवर जगात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण एवढंच धरलं जायचं. बाई गरोदर नसतानाही आजारी असते, ही गोष्ट दोन गावांच्या नीट ठेवलेल्या नोंदींमुळं जगाला मान्य करावी लागली. तो अभ्यास बीडमध्ये 1989 नंतर दहा-वीस वर्षांत कुणी केला असता, तर 2019 ची बातमी बातमी ठरली नसती, इशारा कधीच देऊन झाला असता.

बीडच्या इतिहासाची एक जास्तीची अडचण आहे. आम्ही 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या काळातलं सरकारी दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे आणि त्यातलं बरंचसं उर्दूत आहे. बीडच्या सुइणी, दवाखाने, साथी यांचा शोध घ्यायचा तर विद्यार्थ्याला उर्दू यायला हवी आणि तिकीटभाडं हवं. माझ्या एमएच्या वर्गात ज्यांना उर्दू सफाईनं वाचता येते त्या बीड शहरातल्या मुस्लिम मुली आहेत, आणि त्यांना हैदराबादला पाठवण्याचा विचार कोणत्याही समितीच्या मनात येत नाही. इंग्रजी मुलखात तरी काय वेगळं होतं? 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याची, तो 1888 मध्ये रद्द होईपर्यंतची कागदपत्रं भरपूर आहेत, पण त्यांत चिंता आहे ती गोऱ्या शिपायांच्या प्रकृतीची. वेश्येची तपासणी बळजबरीनं व्हायची. तिला काय दुखत होतं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आता जवळच्या कागदांकडं येते. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1974 चं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये झालं, त्याआधी मराठवाड्यातल्या वैद्यकीय पदव्या मराठवाडा विद्यापीठ द्यायचं. स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला प्रबंधिका लिहावी लागते. तिच्या शेवटी एक घडी केलेला लांबलचक तक्ता असतो, त्याला मास्टर चार्ट म्हणतात. त्यात एकेका बाईची एकेक ओळ असते. वय, व्यवसाय, बाळंतपणं, तक्रार, निदान, शस्त्रक्रिया. नाव नसतं, नाहीतर आद्याक्षरं असतात.

एका ग्रंथालयात अशा टंकलिखित प्रबंधिका मी वाचत बसले आणि माझा दिवस कसा गेला ते कळलं नाही. प्रबंधिका लिहिणाऱ्या त्या तरुण डॉक्टरांना इतिहास लिहायचा नव्हता, पदवी हवी होती. तरी त्यांनी लिहिला. लग्नाचं वय चौदा, बाळंतपणं चार, पाळी अनियमित, पांढरं जाणं पाच वर्षांपासून, अशा ओळीमागून ओळी. व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'गृहिणी' लिहिलेलं. शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर भागातल्या, हिवाळाभर कोयता चालवणाऱ्या बायका कागदावर गृहिणी होतात. ऊसतोड आणि गर्भाशय यांचा संबंध पहिल्यांदा पुसला गेला तो या रकान्यात. 2019 च्या चौकशीला जे इतक्या उशिरा दिसलं, ते चाळीस वर्षांच्या मास्टर चार्टांत एकत्र लावून कुणी पाहिलं असतं, व्यवसाय नीट विचारला असता, तर आधीच दिसलं असतं. कोणत्या वर्षापासून वय खाली येत गेलं, नसबंदी झालेल्या बाईची पिशवी किती वर्षांनी काढली जाते, सोनोग्राफी यंत्रं तालुक्यात आल्यावर काय बदललं, या प्रश्नांची उत्तरं तिथं आहेत.

नसबंदीवरून एक सांगायलाच हवं. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यांत पुरुष जास्त होते. सरकार पडलं. त्यानंतर पुरुषाच्या वाट्याला जायची हिंमत कुणी केली नाही, सगळा भार बाईवर आला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास 38 टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची 0.3 टक्के. माझं मत असं, की विशीत शिबिरात जाऊन ऑपरेशन करून घेणं आमच्या गावांत इतकं नेहमीचं झालं, की तिशीत आणखी एकदा पोट उघडणं कुणाला जड वाटेना. हे सिद्ध करायचं तर प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिबिरांची रजिस्टरं लागतील. ती कुठंतरी औषधांच्या रिकाम्या खोक्यांखाली दबली आहेत आणि वाळवी काही सरकारी आदेशाची वाट पाहत नाही.

मी हे बोलते तेव्हा जिल्ह्यातली वजनदार माणसं म्हणतात, "मॅडम, आधीच बीडची बदनामी कमी झाली का?" 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं 807 मुली, राज्यात सर्वांत कमी, तेव्हाही हेच ऐकलं होतं. ज्या बाईची पिशवी गेली तिला या बदनामीचं काही वाटत नाही. ती म्हणते, माझ्यावर झालं ते पोरीवर होऊ नये. बदनामीची भीती ज्यांना आहे त्यांच्याकडं गमावण्यासारखी अब्रू आहे आणि दवाखानेही आहेत.

खरा आक्षेप दुसरा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. हे कागद म्हणजे एका बाईचं सर्वांत खासगी असं काही. गावात सोयरीक जुळवताना, भावकीच्या भांडणात, निवडणुकीत ते बाहेर आले तर तिचं जगणं नासेल. म्हणून नावं आणि गावं वेगळी काढून मोहोरबंद ठेवायची, अभ्यासकाला फक्त क्रमांक दिसेल. ब्रिटनमध्ये जनगणनेचे घरोघरचे तक्ते शंभर वर्षं कुणाला पाहू देत नाहीत. आपणही तशी मुदत घालावी. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेखनासाठी, ठरलेल्या निकषांवर, वाट ठेवलेली आहे. आणि एखादी बाई म्हणाली, माझा कागद जाळून टाका, तर तो तिच्या हातात परत द्यायचा. माझ्या चुलतीनं नाव झाकून ठेवायला सांगितलं, कागद मात्र दिले. तिच्या शेजारणीनं नाही म्हटलं. दोघींचं म्हणणं सारखंच खरं आहे.

सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये, बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांच्या याचिकेवर, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला. बीडमध्ये त्याच्याही आधी खासगी डॉक्टरांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण परवानगीच्या अर्जाचाही कागदच होतो, आणि नियमामुळं बायकांचं दुखणं थांबलं की त्या शेजारच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात जाऊ लागल्या, हे पंधरा वर्षांनी पाहायचं तर तो कागद तोवर टिकायला हवा.

माझी मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं आहे. तिथं ताराबाई शिंदे यांच्या नावाचं स्त्री अभ्यास केंद्र आहे, इतिहास विभाग आहे. या दोघांनी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला सोबत घेऊन मराठवाड्यातल्या स्त्री-आरोग्याचं अभिलेखागार सुरू करावं. 2019 च्या सर्वेक्षणाचे 82,309 फॉर्म सरकारनं त्यांच्या हवाली करावेत. तीन वर्षं उलटलेले गर्भाशय-शस्त्रक्रियांचे केसपेपर रद्दीत घालण्याआधी विद्यापीठाला कळवणं जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक व्हावं. जुन्या प्रबंधिकांचे मास्टर चार्ट आधी स्कॅन करावेत, कारण त्यांत नावांचा धोका सर्वांत कमी आहे. उर्दू वाचणाऱ्या दोन मुलींना शिष्यवृत्ती देऊन हैदराबादला पाठवावं. आणि बायकांच्या तोंडून ऐकून ध्वनिमुद्रण व्हावं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1990 च्या दशकात माजलगावच्या भीमनगरापर्यंत येऊन जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या, म्हणून त्या आज ऐकता येतात. तेव्हा बायका गात होत्या ते टिकलं. आता त्या जे सांगताहेत तेही टिकवता येईल.

वेळ मात्र ऊस ठरवतो. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकाकडं निघतात आणि पाडव्याच्या आगंमागं परततात. वैशाखापासून भाद्रपदापर्यंत बायका गावात असतात, त्यातही पेरणीचे दिवस वजा करावे लागतात. वडवणी आणि धारूर तालुक्यांपासून सुरुवात करायची माझ्या विद्यार्थिनींची तयारी आहे. त्यांतल्या निम्म्या कोपीतच वाढल्या आहेत, कुणापुढं काय विचारायचं आणि कुणापुढं गप्प बसायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांना विद्यापीठाचं पत्र हवं, नैतिकता समितीची मंजुरी हवी, एक स्कॅनर हवा आणि कुलपाची एक कोरडी खोली हवी.